कुलुपाचा फोटो

"आधी फोन, मग नमस्कार."

आमच्या कारखान्याच्या दारात काका हे सगळ्यांना एकाच आवाजात ऐकवायचे. वहिनींचा सख्खा भाऊ पेढे घेऊन आला, त्यालाही ऐकवलं. सत्यनारायण घातला तेव्हा भटजींनाही ऐकवलं. आता भटजींची पोथी फोनात. ते काकुळतीला येऊन म्हणाले, "अहो, माझी कथा त्याच्यात आहे!" काका म्हणाले, "तुमालाच पाठ नाय, मग देवाला कशी पटंल?" आणि फोन पिशवीत घालून कपाटात ठेवलासुद्धा. भटजींनी बिचाऱ्यांनी आठवून आठवून कथा सांगितली. त्यातली नौका एकदा बुडाली ती काही परत वर आली नाही, पण शिरा झक्क झाला होता, त्यामुळे कुणी तक्रार केली नाही.

हमरापूरच्या त्या गणपतीच्या कारखान्यात मी ऑर्डरींचे फोन घ्यायची. मी रोह्याची, रोज सकाळच्या गाडीनं यायची. काका मोबाइल सांभाळायला होते. हो, नुसते मोबाइल सांभाळायला. माझ्या आईनं हे ऐकून कपाळाला हात लावला होता. "गुरं राखतात, पोरं राखतात, फोन राखायला कधीपासून माणूस लागायला लागला गो?" पण लागला. आणि का लागला, ते मात्र मला अजूनही हसत सांगता येत नाही.

वहिनी म्हणजे आमच्या मालकीणबाई. दरवर्षी एक नवीन मॉडेल त्या स्वतःच्या हातानं मातीत घडवायच्या. त्यावरून साचा, आणि साच्यातून शेकडो मूर्ती. माघी गणपती झाला की व्यापारी येणार, त्यांना ते मॉडेल पहिल्यांदा दाखवायचं, आणि त्यावर वर्षभराचं काम ठरणार. आदल्या वर्षी कुणीतरी त्या मॉडेलसोबत सेल्फी काढला आणि स्टेटसला लावला. झालं! पलीकडच्या आळीतल्या एका कारखानदारानं तो बघून आठ दिवसांत तसाच गणपती उभा केला आणि आमच्या आधी व्यापाऱ्यांना दाखवला. मग व्यापारी आमच्याकडे आले आणि वहिनींच्या तोंडावर हसत म्हणाले, "काय वहिनी, तुम्हीपण कॉपी करायला लागलात होय?"

सहा महिने राबून आपण घडवलेल्या गणपतीची आपणच चोर! माझा नुसता संताप संताप झाला होता. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बोलावून वहिनींनी सांगितलं, "पुढच्या साली परत असं झालं तर शेड गोदामाला देईन. मातीला हात लावणार नाय." त्या बोलल्या म्हणजे करणार, हे आम्हाला ठाऊक होतं.

म्हणून काका आले. आणले मीच, तेव्हा जे काय पाप-पुण्य असेल ते माझ्या माथी. ते माझ्या वडिलांबरोबर धाटावच्या एका केमिकल कंपनीत बत्तीस वर्षं गेटवर होते. तिथं प्लँटमध्ये फोन न्यायची सक्त मनाई. एवढीशी ठिणगी पडली तरी होत्याचं नव्हतं व्हायचं. त्यामुळे काकांचा जन्म लोकांचे फोन काढून घेण्यात गेला. रिटायर होऊन ते कोलाडजवळ आपल्या गावी भातशेती बघत होते आणि भाताला जाम कंटाळले होते. "भात कुठं पळून जातंय? त्याला काय राखायचं?" असं म्हणायचे. मी नोकरीचं विचारलं तर त्यांनी पगार विचारला नाही. एवढंच विचारलं, "दारं किती हायत?"

"एकच."

"मग जमंल."

पहिल्या दिवशी ते शिट्टी, कपाळावर ओढलेली टोपी आणि एक गाठोडं घेऊन आले. गाठोड्यात कापडी पिशव्या होत्या. काकूंनी जुन्या ब्लाउजपीसांतून शिवलेल्या, प्रत्येक माणसाला वेगळ्या रंगाची. मला आली जांभळी, तिच्यावर जरीचा काठ. रंगकामाच्या बेबीताईंना पोपटी. बेबीताई खाडीकडच्या, मिठागरावरच्या घरातल्या, तोंडाच्या पक्क्या. त्या म्हणाल्या, "मना लाल पायजे. पोपटी मना शोभत नाय." काका म्हणाले, "पिशवी फोनला हाय, तुमाला नाय." पण दुसऱ्या दिवशी गपचूप लाल पिशवी घेऊन आले. रात्रीत काकूंकडून शिवून आणली होती म्हणे.

पिशव्या ठेवायला वहिनींनी घरातलं जुनं लोखंडी कपाट दिलं. त्याच्या एका दाराला मोठा आरसा होता. बायका हात धुताना टिकली काढून त्या आरशाला चिकटवायच्या आणि संध्याकाळी परत लावायच्या. सकाळी साडेनवाला सगळे फोन कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली काकांच्या करगोट्याला. जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास फोन मिळायचा, तोही दाराबाहेरच्या बाकड्यावर बसून बोलायचा.

आता कपाटात पंधरा फोन म्हटल्यावर ते वाजणारच. काका कुलूप काढत नसत, पण वाजण्यावरून कोण आहे ते सांगत. "तीनदा वाजून थांबला. नवरा हाय." "थांबला, परत वाजला, परत थांबला. पोरगी हाय, शाळंतनं." आणि एखादा वाजतच राहिला, वाजतच राहिला, की काका आत डोकं घालून ओरडायचे, "निळीवाली, तुझी सासू!" दहापैकी नऊ वेळा बरोबर निघायचं. एकदा मी विचारलं, "काका, सासूचं कसं कळतं हो?" तर म्हणाले, "जिला खात्री असते की पोरगी मुद्दाम उचलत नाय, ती थांबत नाय."

फोनच्या बाबतीत त्यांची स्वतःची अशी काही मतं होती आणि ती कुणी विचारो न विचारो ते सांगायचे. पॅटर्न लॉकचा त्यांना तिटकारा. का, तर आमच्या बायकांची बोटं दिवसभर सोनेरी आणि मोतिया रंगात. स्क्रीनवर बोट फिरवलं की रंगाची रेघ उमटायची. काका फोन उन्हात तिरका धरायचे आणि म्हणायचे, "वरनं खाली, मग उजवीकडं. घ्या, उघडला." पहिल्याच आठवड्यात त्यांनी अकरा जणींचे फोन असे सगळ्यांसमोर उघडून दाखवले. बेबीताई म्हणाल्या, "आवं, हा तर चोर हाय!" काका खूश झाले. "चोराला जे दिसतं ते गेटवाल्याला आधी दिसलं पायजे," असं त्यांचं म्हणणं. त्या दिवसापासून सगळ्यांनी सहा आकडी नंबर लावले.

माझ्याकडे कारखान्याचे तीन फोन होते, ऑर्डरी घ्यायला. त्यांच्यामागे तर काका हात धुऊनच लागले. आधी त्यांनी त्यातले गेम काढायला लावले. मग नातेवाइकांचे ग्रुप. "कारखान्याच्या फोनात मावशी नाय पायजे," असा हुकूमच निघाला. माझी कोलाडची मावशी रोज पहाटे गुलाबाची फुलं आणि शुभ प्रभात पाठवायची, तिला मी माझ्या स्वतःच्या फोनवर हलवलं. दर सोमवारी तिन्ही फोनांच्या लॉकचे नंबर बदलायचे आणि कुठंही लिहून ठेवायचे नाहीत. आता दर आठवड्याला सहा आकडी तीन नवे नंबर कुणाच्या बापाला लक्षात राहतात? मी भिंतीवरच्या कॅलेंडरावर हळूच लिहिले, दुधाच्या हिशेबासारखे. दोन दिवसांनी काका कॅलेंडरासमोर हाताची घडी घालून उभे. "आपल्याकडं रोज अर्धा लिटर दूध येतं. मंगळवारी चार लाख ब्याऐंशी हजार लिटर कुठनं आलं गो?"

महिन्यातून एकदा ड्रिल. कंपनीत आगीचं ड्रिल व्हायचं ना, तसं इथं फोन हरवल्याचं. काका जोरात शिट्टी मारायचे, "फोन हरवला! फोन हरवला!" आणि मी दोन मिनिटांत दुसऱ्या फोनवरून हरवलेला फोन लांबूनच कोरा करायचा, म्हणजे चोराच्या हाती काही लागू नये. खरं तर शेवटचं बटण दाबायचं नाही असं ठरलेलं. पण पहिल्याच ड्रिलला शिट्टी माझ्या कानाशी वाजली, मी दचकले, आणि दाबलं! फोन खरोखरच कोरा झाला. तीन महिन्यांचे मेसेज, व्यापाऱ्यांचे पत्ते, सगळं साफ. मी रडकुंडीला आले. काकांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "एक मिनिट चाळीस सेकंद. शाबास!" आणि सगळ्यांना स्वतःच्या खर्चानं वडापाव आणला. वहिनींनी वडापाव खाल्ला, पण माझ्याकडे असं बघितलं की मी माझा बेबीताईंना देऊन टाकला.

हे सगळं असूनही बेबीताईंनी एकदा फोन आत नेलाच. त्यांची लेक बाळंतपणाला दवाखान्यात होती, जीव थाऱ्यावर नव्हता. दारात त्यांनी लेकीचा जुना बंद फोन काकांना दिला आणि स्वतःचा ओच्यात लपवून नेला. काकांची फेरी येताना दिसली तशी त्यांनी घाईघाईनं तो एका मूर्तीच्या पोटात सरकवला. साच्यातून काढलेली मूर्ती आतून पोकळ असते, खालून हात जातो. काका गेले. बेबीताई वळून बघतात तर शेडमध्ये एकसारखे तीनशे गणपती, आणि आपला कोणता ते आठवेना!

त्या थेट काकांकडे गेल्या आणि सांगून टाकलं. मला वाटलं आता होतंय महाभारत. काकांनी एवढंच विचारलं, "आवाज चालू हाय?"

"नाय. थरथर ठेवलीय."

मग काकांनी शिट्टी मारून सगळं काम थांबवलं. माझ्या फोनवरून बेबीताईंचा नंबर लावला आणि आम्ही सगळ्याजणी, वहिनींसकट, एकेका गणपतीच्या पोटाला कान लावून फिरायला लागलो. कुणी हसायचं नाही असा हुकूम होता, त्यामुळे जास्तच हसू येत होतं. एक पोरगी तर खाली बसून पोट धरून हसत होती आणि काका तिला दटावत होते, "गप गो, देव बोलतोय तो ऐकू दे." शेवटी खिडकीजवळच्या रांगेतला एक गणपती थरथरताना सापडला. फोन बाहेर काढला तर आलेला फोन माझा नव्हताच, जावयाचा होता. मुलगी झाली होती. बेबीताई तिथंच रडायला लागल्या, आम्हीही लागलो. काकांनी टोपी काढून गणपतीला हात जोडले आणि मग बेबीताईंना म्हणाले, "अभिनंदन. आता फोन द्या." दुसऱ्या दिवसापासून मात्र लाल पिशवी कपाटाबाहेर, काकांच्या स्वतःच्या खुर्चीच्या पाठीला लटकायला लागली. दवाखान्यातून फोन आला की लगेच हाक मारता यावी म्हणून.

आता मुख्य गोष्ट.

कंपनीत असताना रोज सकाळी कपाटाला कुलूप लागलं की त्याचा फोटो काढून साहेबांना पाठवायचा, अशी काकांना सवय. आमच्याकडे साहेब नव्हते. वहिनी म्हणाल्या, "मला कशाला फोटो? मी काय इथंच हाय." पण सवय ती सवय. काका रोज साडेनवाला कुलुपाचा फोटो काढायचे आणि कंपनीतून रिटायर झालेल्या गेटवाल्यांच्या ग्रुपवर टाकायचे. खाली लिहायचे, "सर्व फोन जमा. कुलूप ओके." त्यावर सात-आठ म्हातारे अंगठे दाखवायचे. माझे ऑर्डरींचे तीन सोडले तर काकांचा फोन हा शेडमधला एकटाच उघडा फोन. माझ्या तिन्हींच्या कॅमेऱ्यांवर काकांनी चिकटपट्टी लावलेली, ती नसलेलाही तेवढाच. आम्ही त्यावरून चिडवायचो, तर म्हणायचे, "गेटवाल्याचे डोळे झाकून चालंल का?"

व्यापारी यायला दहा दिवस उरले होते. मॉडेल तयार होतं. काय सुंदर होतं म्हणून सांगू! गणपती किंचित मान कलती करून बसलेला, जणू कुणाचं तरी गाऱ्हाणं ऐकतोय. एक कान पुढे आलेला. त्या एका कानावर वहिनींनी दोन महिने घालवले होते. मॉडेल आतल्या खोलीत कायम ओल्या फडक्याखाली झाकलेलं असायचं. त्या सकाळी वहिनींनी शेवटचा हात फिरवायला फडकं काढलं होतं, आणि दार उघडं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि काका गाडीत समोरासमोर बसलो होतो. नागोठणं गेलं. मावशीचा शुभ प्रभात आला. एरवी मी न बघताच पुसते. त्या दिवशी बघितला. वर गुलाब, खाली गुलाब, सोनेरी अक्षरांत शुभ प्रभात, आणि मधोमध आमचा गणपती! कलती मान, पुढे आलेला कान. हात फुलांखाली गेले होते, पण चेहरा अख्खा.

मी फोन तसाच काकांपुढे धरला. त्यांनी चष्मा लावला, चित्र बोटांनी मोठं केलं आणि खूप वेळ बघत राहिले. गणपतीच्या कानाशेजारी हवेत एक मरून रंगाची टिकली होती.

"ही टिकली बेबीताईची," काका म्हणाले. "आपल्या कपाटाच्या आरशावरची."

मला अजून उलगडा होईना. काकांनीच सांगितलं. कुलुपाचा फोटो काढताना आपण स्वतः आरशात दिसू नये म्हणून ते रोज जरा तिरके उभे राहायचे. आणि तिरकं बघितलं की त्या आरशात आतली खोली दिसते. ग्रुपमधल्या कुणा भाविक म्हाताऱ्याला कुलपापेक्षा आरशातला बाप्पा आवडला. त्यानं कुलूप कापलं, कपाट कापलं, बाप्पा ठेवला, गुलाब लावले आणि दिला पाठवून सगळ्या गावाला. काकांनी पंधरा जणांचे फोन पाच महिने कुलपात ठेवले आणि मॉडेल बाहेर पडलं ते त्यांच्याच फोनमधून, रोजच्या सुरक्षेच्या रिपोर्टातून!

गाडी कासूला थांबली. काका उठले आणि उतरायला लागले.

"काका, कुठं?"

"माझं स्टेशन आलं."

"तुमचं स्टेशन कोलाडला, आणि ते मागं राहिलं! बसा खाली!" मी त्यांचा शर्ट धरून ओढला. डब्यातले लोक बघायला लागले. काका म्हणाले, "सोड गो बाय. त्या बाईला काय तोंड दाखवू?" मला रडूही येत होतं आणि रागही. "मी एकटी दाखवू काय? आणलं कुणी तुम्हाला?" एवढ्यात गाडी सुटली, म्हणून ते राहिले.

काकांनी वहिनींसमोर उभं राहून सगळं सांगितलं. एकही शब्द गाळला नाही. आपली किल्ली काढली, आपला फोन काढला, दोन्ही त्यांच्यापुढे ठेवलं. वहिनींनी माझ्या फोनवरचा तो शुभ प्रभात हातात घेतला आणि बघत राहिल्या. मला वाटलं, आता शेड जाणार, गोदाम येणार, सिमेंटच्या गोणी येणार. वहिनींनी फोन परत दिला आणि म्हणाल्या, "हं. काका, फोन तुमचा कपाटात ठेवा. किल्ली तुमच्याकडंच असू दे. चला गो, कामं करा."

"आणि शिक्षा?" काका म्हणाले.

"व्यापारी येऊन जाऊ देत. मग बघू."

ते दहा दिवस कसे गेले ते आम्हालाच माहीत. काकांनी दारातली खुर्ची सोडली नाही, पण शिट्टी वाजवली नाही, सासू ओळखली नाही. डबा न उघडता परत न्यायचे. बेबीताई त्यांच्यापुढे जबरदस्तीनं सुक्या जवळ्याची चटणी आणि भाकरी ठेवायच्या. "खाव नायतर मी परत फोन लपवीन," म्हणायच्या. पलीकडच्या आळीत दिवसरात्र काम चाललंय ही बातमी चौथ्या दिवशीच आली. सहाव्या दिवशी तिथं नवीन मॉडेलचा फलक लागला. काकांनी तो जाऊन बघितला आणि येऊन एवढंच म्हणाले, "तोच हाय."

व्यापारी आले. आधी पलीकडे गेले, मग आमच्याकडे. दारात काकांनी त्यांचे फोन घेतले, अगदी खालच्या आवाजात, नमस्कार आधी करून. वहिनींनी मॉडेलवरचं फडकं काढलं. सगळ्यात जुने व्यापारी पुढे आले, कमरेवर हात ठेवून बघत राहिले आणि म्हणाले, "अहो, हा तर पलीकडे बघितला."

काका भिंतीला टेकले.

"पण तो उजव्या सोंडेचा आहे," व्यापारी म्हणाले. "उजव्या सोंडेचा कडक! सोवळं पाळा, चूक होऊ देऊ नका. घरात कोण बसवणार तो? माझ्या गिऱ्हाइकांच्या सुना मला उभा जाळतील! हा डाव्या सोंडेचा, हा कसा प्रसन्न आहे. असा पायजे घरात."

आरसा! आरशात डावं ते उजवं. पलीकडच्या शहाण्यांनी उलटा गणपती जसाच्या तसा घडवला होता. वहिनींनीच यंदा उजव्या सोंडेचा केलाय म्हणजे मागणी असणार, असं त्यांना वाटलं. आपली अक्कल वापरली असती तर वाचले असते, पण कॉपीच करायची म्हटल्यावर अक्कल कशाला वापरतील?

व्यापारी मॉडेलभोवती एक फेरी मारून आले. त्यांनी कानाकडे बघितलं, मानेकडे बघितलं. असा कान पलीकडच्यांना जमलेला नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. मग जरा ओशाळून म्हणाले, "वहिनी, मग गेल्या वर्षीचा... तोही तुमचाच होता काय?"

वहिनींनी मान डोलावली आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यांचे खांदे हलत होते. मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा रडताना बघितलं. मी तर हमसून हमसून रडत होते आणि बेबीताई माझ्या पाठीवर थापट्या मारत स्वतःच रडत होत्या.

व्यापारी गेल्यावर वहिनी काकांना म्हणाल्या, "मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. सोंड उलटी हाय हे मला कळणार नाय काय? पण बोलले नाय. तुमच्याजवळ बोलले असते तर हिला कळलं असतं, हिला कळलं म्हणजे हिच्या मावशीला कळलं असतं."

मला राग यायला हवा होता, पण खरं होतं ते. आणि काका? दहा दिवस सुकत गेलेला हा माणूस एकदम ताठ झाला. त्यांच्या तोंडावर असं हसू आलं की बस! त्यांनी वहिनींना कडक सलाम ठोकला. "बत्तीस वर्सांत असला बंदोबस्त बघितला नाय," म्हणाले. "आमी कुलपं लावत बसलो. कुलूप तुमी लावलंत." आणि त्याच दमात पुढे म्हणाले, "आता माझी शिक्षा. नशिबानं वाचलो, कामानं नाय. गेटवाला एकदा चुकला की त्यानं गेट सोडायचं." आम्ही हाता-पाया पडलो, बेबीताईंनी शिव्या घातल्या, पण ते ऐकले नाहीत. पिशव्या मोजून दिल्या, काकूंच्या हातची एक जादा शिवलेली देऊन गेले, आणि दुसऱ्या दिवशी गाडीत माझ्यासमोरची जागा रिकामी.

गणपतीला चार दिवस राहिले असताना ते परत आले. स्टेशनवरून रिक्षा करून, बाजूला पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी. शेडमध्ये सीझनची धांदल, उभं राहायला जागा नाही. त्यांनी ते अलगद खाली ठेवलं आणि कापड सोडलं. उजव्या सोंडेचा गणपती! पलीकडच्या कारखान्यातला. रंग झाला होता, पण डोळ्यांची आखणी झालेली नव्हती, कोरेच होते.

वहिनींचा चेहरा उतरला. "हे इथं कशाला आणलंत काका?"

"माळ्यावर पडलेत त्यांच्या. कोण नेत नाय, म्हणून डोळेसुद्धा काढले नाय." काकांनी टोपी हातात घेतली. "जे झालंय ते माझ्या चुकीनं झालंय. देव हाय तो. माझ्या चुकीपायी त्यानं माळ्यावर पडून राहायचं काय? यंदा माझ्या घरी बसंल. पण डोळे तुमी काढा वहिनी. मूळ हात तुमचा हाय."

बेबीताईंनाच राहवलं नाही. "काका, उजव्या सोंडेचा लय कडक असतंय. झेपंल काय तुमाला?"

"बत्तीस वर्सं गेटवर होतो गो," काका म्हणाले. "त्याला विचार मी झेपंन काय."

सगळ्या हसल्या. वहिनी नाही हसल्या. त्या मूर्तीभोवती फिरल्या. आपणच घडवलेली मान, दुसऱ्यानं केलेली, तीही उलटी. पुढे आलेल्या कानाच्या कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला. "कान बिघडवलाय मेल्यांनी," असं पुटपुटल्या. मला वाटलं, आता फडकं टाकून आत निघून जातील. गेल्याही असत्या, तरी मी त्यांना दोष दिला नसता.

त्या खाली बसल्या. "बारीक ब्रश दे गो," मला म्हणाल्या. आधी उजवा डोळा, मग डावा. शेडमधलं काम हळूहळू थांबलं आणि सगळ्याजणी येऊन उभ्या राहिल्या. घाईच्या दिवसांत त्या एका मूर्तीला वहिनींनी आमच्या स्वतःच्या कुठल्याच मूर्तीला दिला नसेल एवढा वेळ दिला. मग मागे सरकून बघितलं आणि ब्रश पाण्यात टाकला.

"न्या," त्या म्हणाल्या. "पुढच्या साली दुसरीकडून आणू नका. उजव्या सोंडेचा मी करीन. साच्यातला नाय, हातानं. एकच. तुमच्यापुरता."

काकांनी टोपी डोक्यावर घातली. त्यांनी कापड नीट गुंडाळलं, फक्त चेहरा मोकळा ठेवला. मूर्ती मांडीवर घेऊन ते रिक्षात बसले आणि रिक्षावाल्याला म्हणाले, "सावकाश घे रं. आता दिसतंय त्याला."